यंत्राच्या पोटातली हवा

भिवंडीजवळ टेमघरच्या पुढे, जिथे पूर्वी भाताची खाचरं होती, तिथे बाटल्यांचा कारखाना उभा राहिला तेव्हा केसरीनाथ शाळेत होता. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एकाला नोकरी, असं कंपनीने कबूल केलं होतं. शेजारच्या घरांनी थोरल्या पोरांना लगेच भट्टीवर लावलं. केसरीनाथच्या वडिलांनी मात्र आपला हक्क राखून ठेवला. "माजा पोर शिकल, मंगच आत जाल," म्हणाले. पोर शिकला. मुंबईला मामाकडे राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाला. तो प्रयोगशाळेत रुजू झाला तेव्हा वडील नव्हते, पण आई होती. सगळी आळी तिला आक्का म्हणे. पहिल्या दिवशी तो पांढरा कोट घालून घरी आला तेव्हा आक्काने विचारलं, "दवाखान्यात लागलास का रे?"

काम वाळूचं. बाटलीची काच म्हणजे मुख्यतः वाळू, आणि वाळूचा जीव म्हणजे सिलिका. वाळूत माती मिसळलेली असली की सिलिका उतरते, ॲल्युमिना चढतं, आणि मग बाटलीच्या अंगात बारीक रेघा दिसतात, कुठे खडा राहतो. औषधाच्या बाटलीत असा दोष चालत नाही. वाळू यायची तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, फोंडाघाटाच्या पायथ्यापासून. काही गाड्या गुजरातेतूनही येत. गाडी आली की केसरीनाथ तिच्यातली मूठभर वाळू घेई, खलात कुटी, सोड्याबरोबर प्लॅटिनमच्या वाटीत वितळवी, आम्लात विरघळवी, आटवी, गाळी, जाळी आणि तोली. घाई केली की सगळं मुसळ केरात. म्हणून उत्तर निघायचं ते दुसऱ्या दिवशी.

तोवर गाडी रिकामी झालेली असायची. वाळू ढिगात, ढीग भट्टीत. रेघांच्या बाटल्या यायला लागल्या की भट्टीवाले प्रयोगशाळेकडे बोट दाखवत, प्रयोगशाळा ढिगाकडे दाखवी, आणि ढिगात कुठली वाळू कोणाची हे देवालाही सांगता आलं नसतं. दोष सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. केसरीनाथ कामाला चोख होता, पण मनातून त्याला ठाऊक होतं की आपण मढं जाळून झाल्यावर नाडी बघणारे वैद्य आहोत.

पंच्याहत्तर साली मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून क्ष-किरणांचं यंत्र आलं. खास त्याच्यासाठी बांधलेल्या खोलीत थंड हवेचं मशीन बसलं. भिवंडीभर कापडाचे लूम चालायचे आणि विजेचा दाब दिवसभर वरखाली व्हायचा, म्हणून यंत्राच्या जोडीला दाब सांभाळणारं दुसरं धूडही आलं. मुंबईच्या एजन्सीचा इंजिनिअर महिनाभर मुक्कामाला होता. तो केसरीनाथला आणि मदतनीस चिंधूला शिकवत असे. चिंधू वज्रेश्वरीकडच्या एका पाड्यावरचा, चार पोरांचा बाप, हाताने मजबूत. वाळू दळून दाबयंत्राखाली तिची गुळगुळीत वडी पाडायची हे त्याचं काम.

इंजिनिअरने समजावलं ते केसरीनाथला पहिल्याच दिवशी पटलं. वडीवर क्ष-किरण पडले की तिच्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापला किरण परत फेकतं. ते किरण मोजायचे. "लोखंडाचा किरण दांडगा," इंजिनिअर म्हणाला. "थोडी हवा मधे आली तरी त्याला काही वाटत नाही. पण सिलिकॉन, ॲल्युमिनियम ही हलकी मंडळी. त्यांचा किरण वीतभर हवेतसुद्धा विरून जातो. म्हणून आतली हवा आधी पंपाने उपसायची, मग मोजायचं. हवा राहिली तर हलकी मंडळी हजर असूनही गैरहजर दिसतील."

चिंधू हसला. "आमच्या गावच्या पंचायतीवानी."

वडी घातल्यापासून चहा गार व्हायच्या आत आकडे कागदावर छापून येत. केसरीनाथने पहिले काही आठवडे जुन्या पद्धतीनेही तपासून पाहिलं. मेळ बसत होता. मग प्लॅटिनमच्या वाट्या तिजोरीत गेल्या, आणि मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं: यापुढे वाळूची गाडी गेटावर थांबेल, नमुना आत जाईल, आणि केसरीनाथने होकार दिल्याशिवाय वजनकाटा ओलांडणार नाही. सिलिका ठरलेल्या आकड्याच्या खाली आली की गाडी परत.

साहेबांच्या केबिनमधून तो बाहेर आला तेव्हा त्याला आनंद झाला होता, आणि धास्तीही वाटत होती. आजवर तो झालेल्या गोष्टीचं कारण सांगत होता. आता गोष्ट व्हायची की नाही हे त्याने ठरवायचं होतं. आणि फोंड्याहून येणाऱ्या निम्म्या गाड्या रामनाथच्या होत्या.

रामनाथ जवळच्या वडपे गावचा. घरची जमीन होती, त्यावर न भागवता त्याने गाड्यांचा धंदा उभा केला होता. अंगाने धिप्पाड, शब्दाला पक्का, आवाज असा की आग्रा रोडच्या पलीकडे ऐकू जाई. केसरीनाथची थोरली बहीण कमळ त्याला दिलेली. केसरीनाथच्या कॉलेजच्या वर्षांत घरच्या उरल्यासुरल्या जमिनीची पेरणी-कापणी याच मेव्हण्याने माणसं लावून उरकून दिली होती. ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच केसरीनाथ ते कधी विसरला नाही.

नव्या नियमाची पहिली ठेच लागली ती रामनाथच्याच गाडीला. ड्रायव्हर अनंता दोन दिवसांचा रस्ता तुडवून आला होता, डोळे तांबारलेले. आकडे आले: सिलिका खाली, ॲल्युमिना वर, लोखंडही वर. उघड उघड माती. केसरीनाथने वडी दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. तेच. मग तो स्वतः गेटावर गेला.

"अनंता, गाडी परत न्यावी लागेल."

"परत? फोंड्याला?" अनंता खाली बसलाच. "केसरीशेट, चेष्टा करताव का?"

निरोप गेला आणि रामनाथ राजदूत मोटारसायकल दामटत आला. तो काही बोलायच्या आत केसरीनाथने गाडीतली ओंजळभर वाळू काचेच्या नळीत घातली, पाणी ओतलं, हलवलं आणि उन्हात धरली. पाणी चहासारखं गढूळ झालं. रामनाथने नळीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं.

"तिकडच्यांनी मना फसवला," तो म्हणाला. "पन केसरी, आदी मना घरी येऊन सांगायचास. चारचौघांत गाडी फिरवलीस."

"भावोजी, गाडी आत आल्याशिवाय मला कळणार कसं?"

"ता बी खरा," रामनाथ म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. पण मनातून तो दुखावला. त्या साली कमळताई गणपतीला माहेरी आली ती एकटीच, आणि दुपारीच परतली. आक्काने लेकाला एवढंच विचारलं, "तुजा यंतर नातागोता वलखत न्हाय का?" केसरीनाथ म्हणाला, "नाही ओळखत, आक्का. तेच त्याचं काम." उत्तर बरोबर होतं, तरी तो अर्ध्या ताटावरून उठला.

रामनाथ मात्र हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. तो स्वतः फोंड्याला जाऊन राहिला, खाणीतला मातीचा थर सोडून दुसरीकडची वाळू काढायला लावली, ती धुऊन घ्यायला लावली. पुढच्या गाड्या ठाकठीक निघाल्या. गेटावर रामनाथच्या वाळूचं नाव झालं. तो मेव्हण्याशी बोलू लागला, कामापुरतं.

मग शहात्तरचा मे महिना आला. खाडीकडून वारा बंद, पत्रे तापलेले, थंड हवेचं मशीन धापा टाकणारं. एका सकाळी रामनाथची गाडी आली. या खेपेला तो स्वतः बरोबर होता, कारण वाळू निवडून, डबल धुऊन आणली होती. साखरेसारखी पांढरी. अनंताने फाळका उघडून दाखवला तेव्हा गेटावरचा पहारेकरीही म्हणाला, "क्या माल है!"

चिंधूने वडी पाडली. केसरीनाथने आत सरकवली, पंप चालू केला. हवा किती उपसली हे दाखवणारी सुई हिरव्या पट्टीच्या अगदी काठावर येऊन थांबली. काठावर म्हणजे पट्टीतच, असं त्याने धरलं. आकडे छापून आले. सिलिका ठरलेल्या आकड्याच्या खाली.

त्याने वडी पुन्हा लावली. पुन्हा खाली.

आता खरं सांगायचं तर त्याच्या मनात त्या क्षणी शंका आली ती वाळूची नाही आणि यंत्राचीही नाही, स्वतःची आली. मेव्हण्याची गाडी म्हणूनच मला ती आत घ्यावीशी वाटतेय की काय? लोक काय म्हणतील? ही शंका इतकी मोठी झाली की बाकीचे आकडे त्याने वाचलेच नाहीत. कागद घेऊन तो गेटावर गेला.

"भावोजी, होत नाही."

रामनाथला आधी कळेचना. मग त्याने वाळूची मूठ भरून मेव्हण्याच्या नाकासमोर धरली. "ही? ही होत न्हाय? ती नली आन तुजी! पानी घाल हिच्यात!"

"पाण्याने सगळं कळत नाही. आकडा खाली आहे."

"आकडा चुकला आसल."

"दोनदा लावला. यंत्र कोणाचं तोंड बघून बोलत नाही, भावोजी."

हे वाक्य तो जरा मोठ्याने बोलला. मागे दुसऱ्या कंत्राटदारांचे ड्रायव्हर उभे होते, वजनकाट्याचा बाबू होता. त्यांनी ऐकावं म्हणूनच बोलला. आणि त्यांनी ऐकलं. कोणीतरी म्हणालं, "सख्ख्या मेव्हन्याला सोडला न्हाय, मानलं बुवा." केसरीनाथला तेव्हा बरं वाटलं. रामनाथ मुठीतली वाळू खाली टाकून गाडीत चढला.

त्यानंतर गुजरातची गाडी आली. तिचा माल वर्षानुवर्षं एकसारखा. तिचीही सिलिका खाली निघाली. चिंधू दाराशी उभा होता. म्हणाला, "साहेब, आज सगल्यांनाच काय झालंय?"

केसरीनाथने कागद खाली ठेवला, आणि रामनाथच्या गाडीचा कागद उचलून पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचला. सिलिका खाली होती. पण ॲल्युमिनाही खाली होतं, उलट जास्तच खाली. आणि लोखंड होतं तिथेच, तसूभरही हललेलं नाही. वाळूत माती असती तर ॲल्युमिना वर जायला हवं होतं. सगळ्याची बेरीज शंभराच्या आसपासही येत नव्हती. मग उरलेली वाळू गेली कुठे?

कुठेही गेली नव्हती. हलकी मंडळी हजर होती, दिसत नव्हती.

कपाटात इंजिनिअरने दिलेली एक वडी होती, तिच्यात काय किती आहे ते नक्की माहीत असलेली. ती दर सोमवारी लावून यंत्राची परीक्षा घ्यायची, असं ठरलेलं. त्या दिवशी सोमवार नव्हता. त्याने ती लावली. तिचीही सिलिका खाली आली.

चिंधूने यंत्राचं झाकण काढलं. कडेला बसवलेल्या रबरी कड्यावरून बोट फिरवलं, आणि एका जागी थांबला. "हितं बगा." उकाड्याने रबर कडक होऊन केसाएवढी चीर गेली होती. तिच्यातून हवा आत झिरपत होती. फार नाही, लोखंडाला कळणार नाही इतकीच. नवं कडं बसवलं. सुई पट्टीच्या मधोमध गेली. सकाळची रामनाथची वडी परत लावली. वर्षभरात आली नव्हती इतकी चांगली वाळू होती ती.

केसरीनाथ तडक साहेबांकडे गेला आणि जसं घडलं तसं सांगितलं. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गुजरातची गाडी आत घ्या. तुमच्या नातेवाइकाची गेली ती गेली. त्यांना पुढच्या खेपेला सांभाळून घेऊ. पण यंत्र चुकलं हे गेटावर बोलू नका. आज एक चूक कबूल केली की उद्यापासून प्रत्येक ड्रायव्हर म्हणेल, यंत्र चुकलं. कशीबशी शिस्त लागलीय, ती मोडेल."

"यंत्र नाही चुकलं, साहेब. मी चुकलो. कागद पुरता वाचला नाही."

"तेच ते."

"तेच नाही," केसरीनाथ म्हणाला, आणि आपण साहेबांना उलट बोललो हे त्याच्या नंतर लक्षात आलं. त्याने अर्ध्या दिवसाची रजा मागितली, पहारेकऱ्याची सायकल घेतली आणि वडप्याच्या रस्त्याला लागला.

ऊन मी म्हणत होतं. डांबर चाकाला चिकटत होतं. बाजूने ट्रक गेला की धुळीने डोळे भरत. त्याच्या डोक्यात एकच, गाडी रिकामी व्हायच्या आत पोचायला हवं. रामनाथ परत फोंड्याला वाळू नेणार नाही. कुठेतरी ओतून टाकेल.

पोचला तेव्हा गाडी रामनाथच्या घरामागच्या खड्ड्याशी उभी होती आणि फाळका उघडा होता. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं, म्हणून तो खड्डा बुजवायचं केव्हाचं चाललं होतं. माणसं फावडी टेकून पाणी पीत होती. शेणामातीवर ती पांढरीशुभ्र वाळू पसरलेली होती. गाडीच्या तळाशी थोडी उरली होती, तिच्यावर अनंता बसला होता.

केसरीनाथने सायकल भिंतीला लावली. धाप लागली होती, तरी थांबला नाही. "भावोजी, वाळू चांगली होती. यंत्रात हवा शिरली होती. मला कळायला हवं होतं, मी बघितलं नाही."

रामनाथ ओट्यावर बसला होता. त्याचा आवाज चढेल म्हणून सगळे थांबले. तो चढला नाही. "मी दोन दीस उबा राहून धुतली ती," तो म्हणाला. "मजूर न्हाय, मी."

"हो."

"आनि तू सगल्यांच्या म्होरं बोललास. यंतर तोंड बघत न्हाय."

"बोललो."

कमळताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. भावाला पाणी द्यावं की नवऱ्याकडे बघावं हे तिला सुचेना. रामनाथनेच हात केला. "दे त्याला पानी. मरंल उन्हात." मग केसरीनाथकडे वळून म्हणाला, "हितं माज्या दारात सांगून मना काय उपेग? गेटावर गेली ती इज्जत गेटावरच पायजे."

"उद्या सकाळी या," केसरीनाथ म्हणाला.

साहेबांनी बोलू नको म्हटलं होतं, हे त्याने रामनाथला सांगितलं नाही. घरी आक्कालाही नाही. सकाळी गेटावर चार गाड्या उभ्या होत्या. रामनाथ राजदूतला टेकून लांब उभा राहिला. केसरीनाथ वजनकाट्याच्या पायरीवर चढला. त्याला भाषण येत नव्हतं. "काल रामनाथशेटची गाडी परत पाठवली ती चुकून," तो म्हणाला. "माल उत्तम होता. चूक माझी. यापुढे कोणाची गाडी नापास झाली तर आधी जिचे आकडे ठाऊक आहेत ती माहितीची वडी लावीन, ज्याची गाडी असेल त्याच्यादेखत. ती बरोबर आली तरच गाडी परत जाईल."

मग गुजरातच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "ये तो ठीक बात है." इतकंच.

साहेबांनी बोलावून झाडलं, आणि त्या वर्षीच्या बढतीत त्याच्या हाताखालचा एक केमिस्ट त्याच्या वर चढला. केसरीनाथला ते लागलं. घरी दोन दिवस चिडचिड केली, मग सोडून दिलं. नवा नियम मात्र साहेबांनी रद्द केला नाही, कारण भांडणं कमी झाली होती. पूर्वी नापास गाडीचा ड्रायव्हर गेटावर तासभर तंडायचा. आता तो चप्पल काढून आत येई, खुर्चीत बसून माहितीची वडी लागताना बघे आणि मुकाट्याने गाडी फिरवी. रबरी कडं दर उन्हाळ्याच्या आधी बदलायचं चिंधूने स्वतःकडे घेतलं. कोणी आठवण करायची गरज पडली नाही.

रामनाथ बरेच दिवस आत आला नाही. गाड्या पाठवी, अनंता येई. भाऊबीजेला कमळताई आली, राहिली, आणि जाताना म्हणाली, "त्याचा राग गेलाय. पन तसा सांगनार न्हाय. तू बी इचारू नको." केसरीनाथने विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात एकदा अनंता आजारी होता म्हणून रामनाथ स्वतः गाडी घेऊन आला. नमुना दिला आणि गेटावर थांबण्याऐवजी चालत प्रयोगशाळेपर्यंत आला. दारात उभा राहून इकडेतिकडे बघू लागला. चिंधूने खुर्ची पुढे केली.

"ह्याच्यात हवा जाते?" त्याने यंत्राकडे हनुवटी केली.

"जाऊ द्यायची नसते," केसरीनाथ म्हणाला, आणि त्याला सुई दाखवली, हिरवी पट्टी दाखवली. लोखंडाचं आणि हलक्या मंडळींचं जे इंजिनिअरने सांगितलं होतं ते आपल्या भाषेत सांगितलं. रामनाथ मधे न बोलता ऐकत होता. पंप घुमत होता. कागद बाहेर आला तेव्हा केसरीनाथने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि मेव्हण्याच्या हातात दिला.

"चांगलाय?"

"चांगलाय."

चहा आला होता. रामनाथने तो बशीत ओतून संपवला, कागदाची घडी करून परत केसरीनाथच्या टेबलावर ठेवली आणि गाडी खाली करायला निघून गेला.